पक्ष्यांचे पाठभेद

आमच्या एका जुन्या विद्यार्थ्यानें इंग्लंडहून परत येतांना आम्हांस एक ग्रंथ भेट म्हणून आणून दिला. ग्रंथाचें नांव 'पेट्रेल्स नाइट अँड डे'. तो २००८ सालीं इंग्लंडांत प्रसिद्ध झाला असून मॅग्नस रॉब व किलियन मुलार्नी हे त्याचे कर्ते आहेत. ज्या माणसाचें आयुष्य शेक्सपिअर व मिल्टन शिकविण्यांत गेलें, त्याला समुद्रपक्ष्यांवरील पुस्तक कां द्यावें, हें आरंभीं आमच्या ध्यानांत येईना. कावळा, चिमणी, साळुंकी आणि मृगाच्या तोंडीं ओरडणारा पावशा, एवढ्या मंडळींपलीकडे आमची पक्षिविद्या कधीं गेलेली नाहीं. परंतु ग्रंथासोबत दोन ध्वनिमुद्रिका होत्या, आणि कुतूहल म्हणून एके रात्रीं जेवणें आटोपल्यावर त्यांतील एक आम्हीं लावली. दूर कोठें तरी कोणी हुंदका दाबून विव्हळत आहे असा एक लांबलेला सूर खोलींत भरला. तोंच माजघरांतून आमच्या मातोश्री म्हणाल्या, "अरे, बंद कर तें! रात्रीच्या वेळीं टिटवी ओरडल्यासारखें काय लावलें आहेस?"

मातोश्रींचें बोलणें आम्हीं त्या वेळीं हंसण्यावारी नेलें. परंतु पुढें या पक्ष्याविषयीं मिळेल तें वाचूं लागलों, तेव्हां आमचें हंसूं मावळलें. तो आवाज ज्याचा, त्या पक्ष्याला अटलांटिक महासागरांतील मादेइरा बेटावरचे लोक 'फ्रेइरा' म्हणतात. फ्रेइरा म्हणजे मठांत राहणारी जोगीण. जुन्या गोंयकर वाचकांस हा पोर्तुगीज शब्द समजावून द्यावयास नको. १५६६ सालीं फ्रेंच चांच्यांनीं फुंशाल शहर लुटलें, तेव्हां तेथील मठांतील जोगिणी डोंगरांतल्या एका खोल दरींत पळून गेल्या, आणि ती दरी आजही त्यांच्याच नांवानें ओळखली जाते. वरच्या कड्यांतून रात्रीं ऐकूं येणारा तो विलाप म्हणजे त्याच जोगिणींचे तळमळणारे आत्मे, अशी तेथल्या लोकांची समजूत होती. मातोश्रींचा कान आणि त्या डोंगरकऱ्यांचा कान यांत अंतर तें किती!

पेट्रेल म्हणजे काय हें थोडक्यांत सांगितलें पाहिजे. कारण आपल्या भाषेंत या पक्ष्यास सर्वांच्या तोंडीं असलेलें नांव नाहीं. नसावें यांत नवलही नाहीं. पावसाळी तुफानांत एखादा थकलेला पक्षी वाळूवर येऊन पडला, तरच तो आपल्या दृष्टीस पडावयाचा. आयुष्याचा बहुतेक काळ हा पक्षी भर समुद्रांत काढतो. जमिनीशीं त्याचा संबंध केवळ विणीपुरता, आणि तोही बहुधा रात्रींचा. कड्याच्या कपारींत किंवा मातींत उकरलेल्या बिळांत मादी वर्षाकांठीं एकच अंडें घालते, नर व मादी आळीपाळीनें तें उबवितात, आणि काळोखांत परस्परांस हांक घालून ओळख पटवितात. रंगरूपानें यांतील कित्येक इतके सारखे असतात कीं, दोन पक्षी शेजारीं शेजारीं ठेविले तरी तज्ज्ञांनीं चोंचीची जाडी मोजावी तेव्हां कोठें निकाल लागावा. म्हणजे जेथें डोळ्याचें कांहीं चालत नाहीं, तेथें कान आणि पंचांग यांवर भिस्त ठेवावी लागते. या ग्रंथाचा खरा विषय हाच आहे, आणि म्हणूनच तो वाचून संपविल्यावर हा वाद परका नसून आमच्याच धंद्यांतला आहे असें आम्हांस वाटूं लागलें.

जुन्या ग्रंथाचें संशोधन करणारास नेहमीं एक प्रश्न पडतो. हातीं आलेल्या दोन पोथ्यांत फरक दिसला, तर तो लेखकूच्या हातचा पाठभेद समजावा, कीं या मुळांतच दोन स्वतंत्र रचना आहेत असें म्हणावें? एकनाथमहाराजांनीं शके १५०६ मध्यें ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, तेव्हां ज्ञानदेवांचें कोणतें व मागाहून आलेलें कोणतें हें त्यांस ओवीओवीला ठरवावें लागलें असेल. पक्षिशास्त्रज्ञाची अडचण याच कुळींतली आहे. दोन बेटांवरील पक्ष्यांत किंचित् भेद दिसला, तर ती एकाच जातीची उपजाति, म्हणजे पाठभेद, कीं दोन वेगळ्या जाती? (आमच्या भाषेंत 'जाति' हा शब्द उच्चारतांच मनांत भलतेंच कांहीं उभें राहतें, ही आमची पिढीजाद कर्मकहाणी आहे. येथें निदान इतकें समाधान कीं, कुंपण घालतो तो पक्षी स्वतः. शास्त्रज्ञानें तें फक्त शोधावयाचें असतें.)

आतां मादेइराची हकीकत पाहा. अर्न्स्ट श्मिट्स नांवाचे एक जर्मन धर्मोपदेशक तेथें होते व त्यांस सृष्टिज्ञानाचा नाद होता. १९०३ सालीं हा डोंगरांतला पक्षी त्यांच्या हातीं आला. पण जवळच्या देझेर्तास बेटांपैकीं बुजियो या बेटावर राहणाऱ्या पक्ष्याहून तो निराळा आहे, हें त्यांच्या लक्षांत आलें नाहीं. पुढें १९३४ सालीं ग्रेगरी मॅथ्यूज या ऑस्ट्रेलियन पंडितानें त्यास 'मादेइरा' हें शास्त्रीय उपनांव दिलें खरें, परंतु दक्षिण महासागरांत विपुल असणाऱ्या एका पेट्रेलची केवळ उपजाति म्हणून. मौज अशी कीं, हे मॅथ्यूज महाशय राईएवढा भेद दिसला कीं नवी जाति करणारे म्हणून सबंध पक्षिशास्त्रांत प्रसिद्ध! ज्यानें जन्मभर नसलेले भेद पाहिले, त्याला असलेला भेद मात्र अर्धाच दिसला. दोषही सर्वस्वीं त्यांचा नव्हे. संग्रहालयाच्या खणांत भुसा भरून ठेविलेलें कातडें आवाज करीत नाहीं, आणि तें कोणत्या महिन्यांत अंड्यावर बसत होतें हेंही सांगत नाहीं.

त्यानंतर हा पक्षी नाहींसाच झाला असावा असा समज झाला. मादेइरांत राहणाऱ्या पॉल अलेक्झांडर झीनो या गृहस्थांनीं त्याचा पाठपुरावा सोडला नाहीं. १९६९ सालीं त्यांनीं जोगिणींच्या दरींतील एका मेंढपाळास बुजियो बेटावरील पक्ष्याचा मुद्रित आवाज ऐकविला. मेंढपाळानें तो तत्काळ ओळखला. असलाच आवाज त्यानें वरच्या कड्यांत ऐकला होता. त्या धाग्यानें सोळाशें मीटरांहूनही उंच असलेल्या कपारींतील घरटीं सांपडलीं. अखेरीस १९८३ सालीं बोर्न या इंग्रज शास्त्रज्ञानें दक्षिणेकडील पक्षी, केप व्हर्द बेटांतील 'गाँ-गाँ' आणि मादेइरांतील 'फ्रेइरा' या तीन निरनिराळ्या जाती आहेत असें प्रतिपादन केलें. इंग्रजींत फ्रेइरास आतां 'झीनोचा पेट्रेल' म्हणतात. झीनो घराण्यानें या पक्ष्यांसाठीं जें केलें तें पाहतां हा मान योग्यच आहे. तरी त्या मेंढपाळाच्या कानाचें ऋण शास्त्राच्या वहींत नांवानें नोंदलें गेलेलें नाहीं, याची रुखरुख आम्हांस लागून राहिली.

या गोष्टींत एक गंमत दडलेली आहे, आणि केवळ आवाजावर भरंवसा ठेवणाऱ्यांनीं तिचा विचार करावा असें आम्हांस वाटतें. मेंढपाळास जो आवाज ऐकविला तो फ्रेइराचा नव्हताच. तो बुजियोच्या पक्ष्याचा होता, आणि आज कोणताही जाणता शास्त्रज्ञ त्या दोहोंस एक मानीत नाहीं. म्हणजे सोबतीचा आवाज ऐकून मेंढपाळानें 'हाच तो' असें म्हटलें, आणि त्या चुकीनेंच खरा शोध लागला! कान जोडतो तसा तोडतोही. आणि तोडतो तसा जोडतोही. रॉब व मुलार्नी यांचा ग्रंथ कानाच्या तोडण्याच्या शक्तीवर उभा आहे, जोडण्याच्या शक्तीकडे त्यानें अधिक लक्ष द्यावयास हवें होतें.

मादेइराहून आम्हांस अधिक मोह पडला तो वायव्येकडील अझोर्स बेटांच्या कथेचा. तेथें ग्रासिओझा नांवाचें बेट असून त्याच्या लगत प्राया नांवाचा एक लहानसा खडकाळ तुकडा आहे. त्यावर तुफानी पेट्रेल म्हटला जाणारा एक चिमुकला, काळसर, कमरेवर पांढरा पट्टा असलेला पक्षी घरटीं करतो. वर्षांतून दोन वेळां त्याची वीण होते असें दिसे. लुईस मोंतेइरो या तरुण अझोरी शास्त्रज्ञानें १९९० नंतरच्या दशकांत या विणीचा बारकाईनें मागोवा घेतला. तेव्हां असें आढळलें कीं, हे एकच पक्षी दोनदां येत नाहींत. उन्हाळ्यांत येणारे वेगळे, आणि हिवाळ्यांत येणारे वेगळे. एक मंडळी मे महिन्याच्या मध्यापासून जुलैच्या आरंभापर्यंत अंडीं घालते. दुसरी ऑक्टोबरच्या मध्यापासून डिसेंबरच्या आरंभापर्यंत. उन्हाळी पक्षी थोडा लहान, शेंपटीची खांच थोडी खोल. पुण्याच्या एखाद्या जुन्या वाड्यांत एकाच खोलींत उन्हाळ्यांत एक बिऱ्हाड व हिवाळ्यांत दुसरें बिऱ्हाड राहावें, दोघांचे चेहरे जुळ्या भावांसारखे असावे आणि घरमालकानें पिढ्यानुपिढ्या त्यांस एकच कुटुंब समजावें, तसा हा प्रकार होता.

जाती वेगळ्या होण्यास मध्यें डोंगर, समुद्र, वाळवंट असें कांहीं तरी आड यावें लागतें, असें आपण समजत आलों. येथें आड कांहीं नाहीं. खडक एक, बीळ एक, समुद्र एक; भिंत आहे ती केवळ कालाची. चैत्र-वैशाखांत जन्मलेल्याचें लग्न कार्तिकांत जन्मलेल्याशीं होऊं नये, असा नेम एखाद्या पंचांगकर्त्यानें घालून द्यावा आणि तो हजारों वर्षें पाळला जावा, तसें कांहींसें घडलें आहे.

मोंतेइरो व त्यांचे ग्लासगो येथील सहकारी फर्नेस यांनीं १९९८ सालीं लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकांत याविषयीं निबंध प्रसिद्ध केला. कालभेदामुळें एका जातीच्या दोन जाती होत आहेत, हा त्या निबंधाचा विषय. आणि त्याच्या मथळ्याच्या शेवटीं एक प्रश्नचिन्ह आहे. त्या प्रश्नचिन्हापाशीं आम्ही बराच वेळ थांबलों. इतकीं वर्षें त्या खडकावर घालवून, हातानें पक्षी मोजून, अंड्यांच्या तारखा टिपून झाल्यावरही ज्यास मथळ्यांत विधान करावेंसें वाटलें नाहीं, त्या माणसाच्या लेखणीस आम्ही मनापासून मान देतों. आमच्या वाङ्मयक्षेत्रांत कोणी एखादें जुनें बाड सांपडवितो आणि दुसऱ्या दिवशीं 'नवीन आदिकवीचा शोध' असा मथळा देऊन मोकळा होतो!

१९९९ सालच्या डिसेंबरांत अझोर्समध्यें विमान कोसळून मोंतेइरो मरण पावले. प्रश्न त्यांच्या मागें राहिला, आणि इतरांनीं तो पुढें नेला. एका ऋतूच्या पक्ष्यास दुसऱ्या ऋतूच्या पक्ष्याचा आवाज ऐकविला तर तो त्यास आपल्याचसारखी दाद देत नाहीं, असें मार्क बोल्टन यांनीं प्रयोगानें दाखविलें. २००७ सालीं अनुवंशद्रव्याच्या परीक्षेंतही दोहोंतील भेद दिसून आला. मग २००८ सालीं उन्हाळी पक्ष्यास स्वतंत्र जाति म्हणून शास्त्रीय नांव मिळालें, आणि तें मोंतेइरो यांच्याच नांवावरून ठेविण्यांत आलें. प्रश्नचिन्ह काढलें तें दुसऱ्यांनीं, पुरावा हातीं आल्यावर. या जातीचीं जोडपीं जगांत अवघीं कांहीं शें आहेत.

आतां ग्रंथाच्या गुणदोषांकडे वळूं. गुण पुष्कळ आहेत. मुलार्नी यांचीं चित्रें अप्रतिम आहेत. आणि रात्रींच्या काळोखांत, निसरड्या कड्यांवर बसून या मंडळींनीं जे आवाज गोळा केले आहेत, ते ऐकतांना पक्षिशास्त्र ही बंदुकीची व खणांतल्या कातड्यांची विद्या होती हें खरेंच वाटत नाहीं. लेखनांतही एक मोकळेपणा आहे. प्रवासाची, फजितीची व आनंदाची हकीकत शास्त्राच्या बरोबरीनें चालते, आणि वाचक कंटाळत नाहीं. परंतु ग्रंथकर्त्यांस नांवें देण्याची घाई झाली आहे, असें आमचें स्पष्ट मत आहे. अधिकृत याद्यांनीं ज्यांस जातीचा दर्जा दिलेला नव्हता, अशा कित्येक पक्ष्यांस त्यांनीं आपल्या जबाबदारीवर तो देऊन टाकला. त्यांतील कांहीं निवाडे पुढें मान्य झाले, हें कबूल केलें पाहिजे. पण हिवाळी तुफानी पेट्रेलचें उदाहरण घ्या. त्यास त्यांनीं पीटर ग्रँट या दिवंगत इंग्रज पक्षिनिरीक्षकाचें नांव दिलें. तें नांव पक्षिवेड्यांच्या तोंडीं रुळलें. आणि स्वतंत्र जाति म्हणून शास्त्रीय लॅटिन नांव मात्र त्याला मिळालेलें नाहीं. बारसें झालें, पण जन्माची नोंद झाली नाहीं, अशी त्याची अवस्था आहे.

या घाईच्या मुळाशीं काय असावें, याचा विचार करतां दोन कारणें सुचतात. पहिलें थोडें हलकें आहे. पक्षिनिरीक्षकांत एक वर्ग असा असतो कीं, आपण किती जाती पाहिल्या याची यादी तो आयुष्यभर वाढवीत असतो. एका जातीच्या दोन झाल्या कीं घरांत खुर्चीवर बसल्या बसल्या त्याच्या यादींत एकाची भर पडते. हा लोभ निरुपद्रवी खरा. पण ज्ञानाच्या व्यवहारांत लोभ कोणताही असो, तो आधीं तराजू वांकवितो. त्याच वर्गाच्या बाजूनेंही एक गोष्ट सांगितली पाहिजे. ब्रिटनच्या किनाऱ्यावरून लांबून दिसलेला असा पेट्रेल नक्की कोणता हें सांगतां येत नसे, तेव्हां तेथील नोंदवहींत वर्षानुवर्षें 'हा किंवा तो' अशीं जोडनांवें लिहिलीं गेलीं. तिष्ठत ठेवलेल्या त्या जोडनांवांत आम्हांस मोंतेइरोंच्या प्रश्नचिन्हाचेंच भावंड दिसतें.

दुसरें कारण उदात्त आहे, आणि म्हणून अधिक अवघड. नांवावर जीव अवलंबून असतो. फ्रेइरा ही दक्षिणेकडील विपुल पक्ष्याची एक शाखा, असें मॅथ्यूजप्रमाणें धरून चाललें असतें, तर ती शाखा वाळली म्हणून फारसें कोणी हळहळलें नसतें. मूळ वृक्ष दक्षिण महासागरांत हिरवागार होताच. तीच स्वतंत्र जाति ठरतांच युरोपांतील अत्यंत दुर्मिळ समुद्रपक्षी म्हणून तिची गणना होऊं लागली. १९८६ सालीं तिच्या रक्षणाचें काम रीतसर सुरू झालें; उंदीर व मांजरें यांचा बंदोबस्त करण्यांत आला; चरणारी जनावरें कड्यांवरून हटविण्यांत आलीं. जोडपीं किती? पासष्ट ते ऐंशीं. २०१० च्या ऑगस्टांत त्या डोंगरांत वणवा पेटला, तीन प्रौढ पक्षी मेले आणि त्या वर्षींच्या पिलांपैकीं बहुतेक पिलें होरपळून किंवा गुदमरून गेलीं. जळलेल्या उतारावरची माती ढांसळूं लागली, तेव्हां माणसांनीं हातानें कृत्रिम बिळें करून दिलीं. टिटवीचीं अंडीं समुद्रानें नेलीं तेव्हां तिनें समुद्र आटविण्याचा पण केला, अशी आपल्याकडे कथा आहे. येथें टिटवीच्या वतीनें माणसें भांडलीं.

मग काय, रक्षणासाठीं म्हणून जाती वाढवाव्या? आमचें उत्तर नकारार्थी आहे. दयेच्या पोटीं दिलेला निवाडा उद्यां दयाशून्य माणूस तितक्याच सहज फिरवील. बोर्न यांचा १९८३ चा निर्णय टिकला तो करुणेमुळें नव्हे. मापें, विणीचा काळ व स्थळ यांचा मेळ बसला म्हणून. शिवाय रक्षणासाठीं दर्जाची वाट पाहावी लागते असेंही नाहीं. बुजियो बेटावरील पक्षी केप व्हर्दच्या पक्ष्याहून स्वतंत्र जाति आहे कीं नाहीं, याविषयीं निरनिराळ्या याद्यांचें वर्षानुवर्षें एकमत नव्हतें. एक उन्हाळ्याच्या उत्तरार्धांत अंडीं घालतो तर दुसरा भर हिवाळ्यांत, एवढ्यावर कोणी दोन म्हणत, कोणी एकच. तरीही देझेर्तास बेटें १९९० सालींच रक्षित झालीं. त्या पक्ष्यांस लहान यंत्रें लावून त्यांचे मार्ग टिपण्यांत आले, तेव्हां असें दिसलें कीं, अंडें उबविण्याच्या काळांतही एकेक पक्षी अन्नासाठीं बारा हजार किलोमीटरपर्यंत फेरी करून येतो. आणि २०२४ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका निबंधाप्रमाणें, अटलांटिकांतलीं चक्रीवादळें टाळण्याऐवजीं हे पक्षी त्यांच्या मागोमाग जातात, कारण वादळानें ढवळलेल्या पाण्यांत भक्ष्य वर येतें. या शोधासाठीं त्याची जाति निश्चित होईपर्यंत कोणास थांबावें लागलें नाहीं.

ग्रंथाविषयींचा आमचा आक्षेप एवढाच. तो वाचनीय आहे यांत संशय नाहीं, आणि ज्यांचें इंग्रजी वाचन कादंबऱ्यांपलीकडे जात नाहीं अशा आमच्या तरुण मित्रांनीं तो अवश्य मिळवून वाचावा व ऐकावा. मात्र घरांत वडील माणसें असतील तर ध्वनिमुद्रिका दिवसा लावावी. आमच्या मातोश्रींस आम्हीं मागाहून सर्व हकीकत सांगितली. जोगिणींची गोष्ट त्यांस पटली; जातींचा वाद पटला नाहीं. त्यांनीं विचारलें तें इतकेंच, कीं उन्हाळ्यांतल्यांचें पिल्लूं उडून जायच्या आधीं हिवाळ्यांतले आले तर काय होतें?

प्रश्न मार्मिक आहे, आणि त्याला उत्तरही आहे. प्राया बेटावर बोल्टन प्रभृतींनीं या पेट्रेलांसाठीं कृत्रिम घरटीं पुरून ठेविलीं आहेत. मोठ्या जातीच्या पक्ष्यांस आंत शिरतां येऊं नये म्हणून त्यांचीं तोंडें मुद्दाम अरुंद केलेलीं आहेत. सप्टेंबराच्या सुमारास उन्हाळी पक्ष्यांचीं उशिराचीं पिलें अजून बिळांत असतात, आणि त्याच रात्रीं हिवाळी पक्षी बाहेर घिरट्या घालूं लागलेले असतात. थोडे दिवस दोन्ही मंडळी एकाच खडकावर एकाच काळोखांत ओरडत असतात.